उंबरठ्यापाशी अडणाऱ्या पावलांसाठी

प्रिय फिजिओथेरपिस्ट ताई,
स. न. वि. वि.

पार्किन्सन्स या हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या शुभार्थींचे, म्हणजे रुग्णांचे, आम्ही शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे. तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी: तुम्ही घरी आलात. दवाखान्याच्या मोकळ्या, सपाट फरशीवर बऱ्यापैकी चालणारा माणूस घरी न्हाणीघराच्या दारात, पलंग आणि कपाटामधल्या बोळात, वळताना जागीच गोठतो. ते तपासणीच्या खोलीत दिसतच नाही.

पाय चिकटले की आपण हाताला धरून ओढतो. तुम्ही पहिल्याच भेटीत ते थांबवलंत. ओढलं की धड पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्याऐवजी थांबायचं, श्वास घ्यायचा, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि 'एक-दोन' म्हणत मोठं पाऊल टाकायचं. दारापाशी पावलापावलाच्या अंतरावर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावायच्या. आपसूक चालणं अडलं, तरी समोरची रेघ ओलांडणं बहुतेकांना जमतं. वळायचं ते जागच्या जागी नाही, ऐसपैस अर्धगोल घेऊन. पायपुसणी काढायची. आणि शुभार्थी चालत असताना त्यांना काही विचारायचं नाही, हे आम्हाला सगळ्यांत जड गेलं!

व्यायामाची वेळ ठरवण्याआधी तुम्ही लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य गोळीच्या, वेळा विचारल्यात, कारण गोळीचा असर असतानाच अंग साथ देतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दूध, डाळ, पनीर यांतली प्रथिनं तिचं शोषण अडवतात. रुग्णालयात दाखल करावं लागलं तर वॉर्डातल्या औषधफेरीवर विसंबायचं नाही, वेळांचा कागद पहिल्याच दिवशी नर्सच्या हाती द्यायचा. उलटीवर मेटोक्लोप्रामाइड नको, हे त्यावर ठळक लिहायचं. ते डोपामाइनचं, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचंच, काम रोखतं आणि ताठरपणा वाढतो. तो कागद आता प्रत्येक शुभंकराच्या पिशवीत असतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रमाणपत्र काढावंच. पण घरी येऊन घर बघणारं जाणतं माणूस त्या प्रमाणपत्रावर मिळत नाही, आणि आम्हाला सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे.

पुढच्या भेटीत अंथरुणात कूस बदलण्याची रीत पुन्हा एकदा दाखवाल का? गुडघे दुमडून आधी पाय वळवायचे, मग खांदा, इतपत आम्हाला येतं. गटात नव्याने आलेल्यांना ती तुमच्याकडूनच शिकायची आहे.

आपले कृतज्ञ,
शुभंकर मंडळी