स्वर्ग खाली येतो, हे दाखवणाऱ्या बाईंस

प्रिय बाई,
सप्रेम जय ख्रिस्त.

मंडळीत कुणी प्रभूमध्ये झोपी गेले की सगळ्यांच्या तोंडी ‘स्वर्ग’ येतो. शास्त्रात त्या शब्दाचा अर्थ काय, हे थांबून कुणी पाहत नाही. तुम्ही आम्हाला थांबवलेत. त्याबद्दल हे जाहीर आभार. तुमची पद्धतही इथे लिहीत आहोत, म्हणजे इतर अभ्यासगटांच्याही ती हाती पडेल.

वहीचे पान आडवे धरायचे आणि तीन रकाने पाडायचे: आभाळ, देवाचे स्थान, देवाची सत्ता. मग बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान वाचत ‘स्वर्ग’ आणि ‘आकाश’ दोन्ही टिपायचे. मराठीत शब्द दोन, पण ग्रीकमध्ये ‘उरानोस’ एकच आणि हिब्रूत ‘शामायिम’ एकच. उत्पत्ती 1:1 मधले ‘आकाश’ ते हेच. नुसता ‘स्वर्ग’ शोधणाऱ्याच्या हातून बरेच काही निसटते. मत्तय 6:26 हे वचन तर दोन रकान्यांत जाते: ‘आकाशातील पाखरे’ पहिल्यात, त्यांना खाऊ घालणारा ‘स्वर्गीय पिता’ दुसऱ्यात, मूळ धातू एकच. पाखरे जिथे उडतात तेवढे जवळचे आभाळ आणि देवाचे स्थान एकाच शब्दात बसतात, हे त्या एका ओळीवर बोट ठेवून तुम्ही दाखवलेत.

तिसऱ्या रकान्यात चूक हमखास होते. ‘स्वर्गाचे राज्य’ मत्तयात तीसहून अधिक वेळा येते आणि वाचणारा ते मरणानंतरचे ठिकाण समजतो. उपाय सोपा: समांतर वचन उघडायचे. मत्तय 4:17 समोर मार्क 1:15 ठेवला की तिथे ‘देवाचे राज्य’ दिसते, आणि ते ‘जवळ आले आहे’, म्हणजे येणारे राज्य आहे. लूक 15 मधला धाकटा मुलगा ‘स्वर्गाविरुद्ध’ पाप केले म्हणतो, तेव्हा त्याला देवच म्हणायचे असते.

मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी. गीतेच्या 9:21 मध्ये पुण्य सरले की स्वर्गातून मर्त्यलोकी परतावे लागते. तो अर्थ शब्दाला आधीपासून चिकटलेला आहे. (गोव्यात फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूंनी 1616 साली छापलेल्या मराठी ‘ख्रिस्तपुराणात’ ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला, तोही असाच आपला अर्थ घेऊन आलेला.) बायबलमधला स्वर्ग पुण्याच्या हिशेबाने मिळत नाही आणि तिथला साठा संपत नाही. पण तोच शेवटचा मुक्कामही नाही, आणि हे पचायला आम्हाला सर्वांत जड गेले.

योहान 14:2 मधल्या ‘राहण्याच्या जागा’ आणि 14:23 मधली ‘वस्ती’ हा ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, ‘मोने’. पहिल्या वचनात माणसाला पित्याच्या घरी जागा आहे, दुसऱ्यात पिता आणि पुत्र माणसापाशी मुक्कामाला येतात. फिलिप्पै 3:20 लोक अर्धेच म्हणतात. ‘आपले नागरिकत्व स्वर्गात आहे’ इथे थांबू नये. पुढे तारणारा तिथून येणार आहे असे लिहिले आहे. फिलिप्पै ही रोमची वसाहत होती. तिथल्या नागरिकाने रोमला परत जायचे नव्हते, रोमची रीत फिलिप्पैत चालवायची होती.

लूक 23:43 चा ‘सुखलोक’ आम्ही वेगळ्या पानावर ठेवतो. ‘पारादेइसोस’ म्हणजे कुंपणाची बाग. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेलाही हाच शब्द आहे. वधस्तंभावर मरणाऱ्या गुन्हेगाराला येशूने ‘आज’ म्हणून दिलेले ते वचन खरे आहे आणि दुःखी घरात तेच आधी वाचावे. पण 1 करिंथ 15 त्यापुढचे, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचे बोलते. दोन्ही एकात मिसळले की पुनरुत्थानाला कामच उरत नाही.

प्रकटीकरण 21 वर तुम्ही सर्वाधिक वेळ दिलात, ते फार बरे केलेत. तिथली नवी यरुशलेम नगरी 12,000 स्टेडिया, म्हणजे सुमारे 2,200 किलोमीटर, लांब, रुंद आणि तितकीच उंच. नकाशा काढायला बसले की डोके चक्रावते. तुम्ही 1 राजे 6:20 उघडायला लावलेत: शलमोनाच्या मंदिराचे परमपवित्रस्थान, म्हणजे सर्वांत आतली खोली, 20 हात लांब, 20 हात रुंद, 20 हात उंच. तोच घनाकार! जिथे महायाजक वर्षातून एकदाच शिरे, ती खोली इथे अख्खी नगरी झाली आहे. म्हणून 21:22 मध्ये तिच्यात मंदिर नाही. आणि ती स्वर्गातून खाली उतरते.

आता अंत्यविधीच्या वाचनात आम्ही योहान 14 आणि लूक 23 यांच्यानंतर 1 करिंथ 15:51-57 आणि प्रकटीकरण 21:1-5 घेतो, याच क्रमाने. ‘पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे’ ही ओळ वाचताना तुमची आठवण होते.

आपले ऋणी,
शास्त्राभ्यास गटातील आम्ही सर्व