अडॅप्टर लावण्यापूर्वी

ओसाका

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

खोके पोहोचल्याचे दादाने कळवले. त्यातले काहीही प्लगला लावण्यापूर्वी हे पत्र पूर्ण वाचावे, ही विनंती. गेल्या दिवाळीत मी आणलेला भाताचा कुकर पहिल्याच दिवशी जळाला तो माझ्या चुकीने. इथल्या घरांत वीज १०० व्होल्टची आणि पुण्यात २३० व्होल्टची असते, हे मी तेव्हा सांगायला हवे होते, आणि ती चूक मला पुन्हा होऊ द्यायची नाही.

ईशानचा निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेमचा संच भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, म्हणून इथून पाठवला. त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे, तेव्हा पिनांसाठी साधा कन्व्हर्टर प्लग पुरेसा आहे. आईला बोलिंग खेळता यावे म्हणून दिलेल्या जुन्या निन्टेन्डो वीचे मात्र तसे नाही. बाबा, भिंग घेऊन तिचा करडा अडॅप्टर पाहिलात तर तिथे फक्त १०० हाच आकडा दिसेल. कन्व्हर्टर प्लग पिना जुळवतो, व्होल्टेज उतरवत नाही; त्यासाठी तपकीर गल्लीतून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणावा लागेल. दुकानदार ११० व्होल्टचा पुढे करील, तरी १०० व्होल्टचाच मागावा. अडॅप्टर १२ व्होल्ट आणि ३.७ अँपिअर, म्हणजे सुमारे ४५ वॅट देतो, त्यामुळे १०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला.

आता मागच्या खोलीतल्या वाय-फायच्या रेंजविषयी. आपल्या भिंती दीड विटेच्या, आणि राउटर बैठकीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या आड आहे. राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी अशा भिंतींत लवकर क्षीण होतो, २.४ चा दूर पोहोचतो, पण शेजाऱ्यांचे राउटर आणि आपला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. राउटर मधल्या बोळातल्या फळीवर, डोक्याच्या उंचीला, उघडा ठेवावा. आई, तू विणलेला रुमाल त्यावरून काढावास, कारण त्याने सिग्नल अडत नसला तरी राउटरच्या झरोक्यांतून उष्णता बाहेर पडत नाही आणि तो तापतो. दादाने सेटिंग बदलताना २.४ चा पट्टा बंद करू नये, कारण वीला तेवढाच कळतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर स्वस्तातला रिपीटर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे पाठवणारा डबा, घेऊ नका. एकाच रेडिओवर घेणे आणि पुढे पाठवणे चालते, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेने एक लॅन केबल, म्हणजे इंटरनेटची तार, राउटरपासून मागच्या खोलीत न्यावी. ईशानचा स्विच ओएलईडी मॉडेलचा आहे आणि त्याच्या डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, लॅनची जागा आहे.

रविवारी तुमच्या सकाळी ९ वाजता, म्हणजे माझ्या दुपारी साडेबाराला, मी व्हिडिओ कॉल करते. ट्रान्सफॉर्मर आणलात तर त्यावरचा आकडा मला कॅमेऱ्यात दाखवा. तोवर वीचा अडॅप्टर खोक्यातच राहू द्या.

तुमची,
ताई