मिरजेचा तानपुरा आणि एक माणूस

संपादकसाहेब, नमस्कार.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हापासून त्या गावावर बरंच छापून येतंय, तुमच्या पुरवणीतला लेखही आवडला. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात इथपासून किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांपर्यंत सगळं होतं त्यात, फक्त भोपळा कापणाऱ्या, तारा टेकतात ती घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढणाऱ्या एकाही माणसाचं नाव नव्हतं. तक्रार म्हणून नाही सांगत, कारण मीही तेच केलंय. पंचवीसेक वर्षं मी गाण्यावर लिहितेय, गायकांच्या इतक्या मुलाखती घेतल्या, पण त्यांच्या मागे वाजणारा तानपुरा कोणी लावला हे एकदाही छापलं नाही.

आणि आता मला त्यातलाच एक माणूस शोधायचाय.

डिसेंबर १९९६ मध्ये सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, आमची भेट झाली. तेव्हा सवाई रात्रभर चालायचं, रात्री दहाची अट नंतर आली, त्यामुळे ललत, तोडीसारखे पहाटेचे राग खरंच पहाटे ऐकायला मिळायचे, आणि त्या थंडीत तानपुरे सारखे उतरायचे. तो मिरजेच्या एका कारखान्यात कामाला होता, वाद्यं घेऊन आलेला. मी घरचा तानपुरा दाखवला तर म्हणाला, आवाज बंद झालाय याचा. कानस घेऊन घोडी घासत बसला, चार फिरक्या मारायच्या, तार छेडायची, मान हलवायची, परत घासायचं, असं तासभर. मग माझ्या ओढणीच्या काठाचा एक दोरा उपसून तारेखाली सरकवला, नखाने केसभर पुढे-मागे केला आणि एका जागी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, असा काही बोलायला लागला की मला रडूच आलं.

पुढे अडीच वर्षं मी मिरजेला जात राहिले. लग्नाचं बोलणं घरात काढायची हिंमत माझीच झाली नाही, तो थांबायला तयार होता. मग इलेक्ट्रॉनिक तानपुरे घरोघर आले, त्याच्या कारखान्यात काम कमी झालं, १९९९ च्या पावसाळ्यात माझं पत्र परत आलं, पाकिटावर पोस्टमनने लिहिलेलं, "गाव सोडून गेले". कारखान्यात विचारलं तर कोणी मुंबई सांगितलं, कोणी धारवाड. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीचा संगीत महोत्सव होतो, तिथे वार्तांकनाच्या निमित्ताने कितीतरी वर्षं गेले, गाणं ऐकताना लक्ष मात्र मागे वाद्यं ठेवलेली असतात तिकडेच. जुनी रेकॉर्डिंग्ज शोधायची तर लेबल असतं, तारीख असते, पण त्याने घडवलेल्या तानपुऱ्यांवर नाव दुकानाचं, त्याचं कुठेच नाही.

त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला संसार असेल, त्रास नको व्हायला. वाचकांपैकी कोणाकडे मिरजेहून आलेला, आता साठीच्या आसपासचा, जवारी काढताना डोळे मिटून तार उजव्या कानाशी ऐकणारा कारागीर येत असेल, तर त्याला एवढंच सांगा की ओढणीवालीने विचारलंय, बरा आहेस ना. माझा पत्ता तुमच्या ऑफिसात आहे.

तानपुरा अजून माझ्याकडेच आहे. दोरा कधीच झिजून तुटलाय, खर्ज नुसता टणटण वाजतो. घोडीला दुसऱ्या कोणाची कानस मी लागू दिलेली नाही.

– संगीतावर लिहिणारी तुमची एक वाचक, पुणे