एकवीस जून उलटून गेल्यावर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. त्या दिवशी बेळगाव शहरातील आणि तालुक्यांतील शाळांची मैदाने सकाळीच भरून जातात, मुले रांगेत बसतात, छायाचित्रे निघतात, आणि २२ जूनला त्याच मैदानावर पावसाच्या पाण्याखेरीज काही उरत नाही. प्राथमिक शिक्षिका या नात्याने अशा रांगा मी स्वतः लावलेल्या आहेत, त्यामुळे कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. चांगली सवय आपल्याकडे एका दिवसाच्या पलीकडे का टिकत नाही, याविषयी निवृत्तीनंतर आलेला अनुभव मात्र आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच मला रक्तदाब असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि तिच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ काही मिनिटे शांत बसून नाकाने सावकाश श्वास घेण्यास सांगितले. मी पाडव्याचा मुहूर्त धरून मोठा संकल्प केला : पहाटे पाचला उठायचे, अर्धा तास प्राणायाम करायचा, किल्ला तलावाला फेरी मारायची आणि चहातील साखर बंद करायची. दहा दिवस सारे नीट चालले. अकराव्या दिवशी खानापूरला नात्यातील लग्नासाठी जावे लागले, त्या दिवशीचा नेम चुकला आणि त्यानंतर सगळेच सुटले.

पुढे विचार करताना लक्षात आले की, सवयीला मी व्रत समजून बसले होते. व्रतात एक दिवस खंड पडला की ते मोडले, अशी आपल्या घरांतील शिकवण असते आणि व्रताच्या बाबतीत ती योग्यही असेल. सवयीचे शास्त्र मात्र वेगळे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींचा अभ्यास करून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. कोणाला १८ दिवस पुरतात, तर कोणाला २५४ दिवसही लागू शकतात. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही, असेही त्यांना आढळले. हे मला पाडव्याच्या वेळी ठाऊक असते, तर लग्नाहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले असते.

दुसऱ्या वेळी मी मुहूर्त पाहिला नाही. सकाळी दूध तापत ठेवले की ते वर येईपर्यंत गॅसपासून हलता येत नाही. त्या वेळात एक हात पोटावर ठेवून दहा सावकाश श्वास घ्यायचे, एवढेच ठरवले. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता आणि आठवण करून द्यायला पातेले समोरच होते. किती दिवस लागले ते मी मोजले नाही, पण दिवाळीच्या सुमारास पातेले गॅसवर चढले की हात आपोआप पोटाकडे जाऊ लागला. संध्याकाळची फेरी त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. गोळीही चालूच आहे. श्वासामुळे औषध सुटते, असे मी कोणालाही सांगणार नाही.

सावकाश श्वासाचा उपयोग का होतो, हे साध्या हिशेबाने समजते. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि दर वेळी सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, ती रक्तापर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला १२ श्वास घेणाऱ्याला ६,००० पैकी ४,२०० मिलिलिटर हवा उपयोगी पडते. तेवढीच हवा जो २४ उथळ श्वासांत घेतो, त्याच्या वाट्याला केवळ २,४०० मिलिलिटर येते, कारण प्रत्येक श्वासामागे ते १५० मिलिलिटर वाया जातच असतात. खांदे उचलून छातीने धापा टाकणारा माणूस कष्ट अधिक करतो आणि मिळवतो कमी. पोट पुढे येईल असा श्वास घेतला की छाती आणि पोट यांमधील श्वासपटल खाली सरकते आणि फुप्फुसांचा खालचा भाग चांगला भरतो. नाकातून जाताना हवा गाळली जाते, कोमट आणि ओलसर होते. तोंडाने घेतलेल्या हवेवर हे संस्कार तितके होत नाहीत. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते, हे मनगटावर बोटे ठेवून कोणालाही पाहता येईल.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात फिरताना काही मंडळी मोठ्या आवाजात, अतिशय वेगाने श्वास सोडताना दिसतात. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली हे ठीक आहे; परंतु चित्रफीत पाहून केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड एकदम कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर तो धोका पत्करूच नये. सावकाश श्वासाची वाट आपल्या घरात पूर्वीपासून आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जपमाळेवरची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना २३ निरोगी व्यक्तींचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत आपोआप मंदावल्याचे दिसले. आमच्या वडगावच्या भजनी मंडळात सत्तरी ओलांडलेल्या मावशी अभंगाचे चरण एका दमात म्हणतात, तेव्हा लांब उच्छ्वासाचाच अभ्यास घडत असतो, हे आता मला उमगते.

तरीही आपल्या भागात श्वासाविषयी बोलताना हवेचा विषय टाळता येत नाही. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांवर धाग्याची कसपटे उडतात, उद्यमबागेतील फाउंड्रीत वाळूची बारीक धूळ असते, निपाणीच्या वखारीत तंबाखूची, आणि खानापूर तालुक्यातील कित्येक घरांत अजून चुलीचा व बंबाचा धूर असतो. त्या धुळीत उभे राहून खोल श्वास घेण्यात शहाणपण नाही. तेथे आधी खिडकी, पंखा, तोंडाला योग्य मास्क आणि मालकाने त्याची केलेली सोय यांचा विचार हवा. श्वासाचा अभ्यास घरी, मोकळ्या हवेत करावा. बिडी सोडू पाहणाऱ्यांना मात्र तो कामावरही उपयोगी पडेल. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांतच ओसरतो; तेवढा वेळ बाहेर येऊन दहा श्वास मोजता येतात. आणि एखादी बिडी ओढली गेलीच, तर ‘माझ्याने होणार नाही’ असे म्हणण्याऐवजी पुढची टाळावी.

शेवटी एक विनंती आहे. माझ्या शेजारच्या आजींना दम्यासाठी पंप दिला गेला आणि सोबत माहितीचे पत्रक मिळाले ते केवळ कन्नडमध्ये. कन्नड ही या राज्याची भाषा आहे, आमची मुले ती शिकतात आणि शिकलीच पाहिजे. पण आजींना मराठीच तेवढी वाचता येते. पंप दाबताना सावकाश खोल श्वास आत घ्यायचा आणि जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखायचा, हे त्यांना कळलेच नव्हते. कित्येक आठवडे औषध तोंडातच राहत होते. नातवाने वाचून दाखवल्यावर चूक सुधारली. आरोग्य खात्याने सीमाभागातील दवाखान्यांत अशी पत्रके कन्नडबरोबर मराठीतही द्यावीत. तोपर्यंत आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा, ठळक आणि मोठ्या टाइपात, एखाद्या जाणकार डॉक्टरांकडून तपासून घेतलेली चार ओळींची माहिती छापली, तर ती कापून भजनी मंडळाच्या फलकावर लावण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
वडगाव, बेळगाव