भिडेचा हिशेब मांडून दाखवणाऱ्या दिवाणजींना

सांगली

आदरणीय दिवाणजी,
सा. न. वि. वि.

चूक माझी होती, तिथूनच सुरुवात करते. बायकांच्या आरोग्यावरचं एक चारपानी पत्रक मी मराठीतून हिंदीत करून दिलं होतं. मूळ वाक्य होतं, ‘मनात भीड न ठेवता डॉक्टरांशी बोला.’ घाई होती. कॉम्प्युटरकडून पहिला खर्डा करून घेतला, त्यावरून वरवर नजर फिरवली आणि छापून आलं, ‘भीड़ लगाए बिना डॉक्टर से बात करें.’ म्हणजे गर्दी न करता बोला! प्रती वाटून झाल्यावर वीटभट्टीवरच्या एका बिहारी बाईनं आशाताईंना विचारलं, “मतलब, अंदर अकेले जाना है क्या?” हे कानावर आलं आणि मी दोन दिवस फोन उचलला नाही.

मग लाज जरा ओसरल्यावर प्रश्न पडला, की हिंदीत भीड म्हणजे गर्दी, तर मराठीत ती मनात कशी काय शिरली? मी कोश काढले. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 सालची दुसरी आवृत्ती आता इंटरनेटवर फुकट पाहता येते, ती पाहिली. दाते-कर्व्यांचा शब्दकोश वाचनालयात बसून चाळला. संकोच, आदर, मुर्वत, दाब, वजन, वशिला असे अर्थ हाती आले. पण संकोच वाटणारा एक माणूस आणि वशिला लावणारा दुसरा, ही दोघं एका शब्दात कशी नांदतात? कोश याद्या देतात, नातं सांगत नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, “भीड म्हणजे भीड. तुला नाही ती.” हाही एक अर्थ झालाच म्हणा.

तुमच्याकडे मी शब्दासाठी आलेच नव्हते. मार्केट यार्डातल्या तुमच्या अडतीतून दादाच्या हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, न्यायची होती. तुम्ही बेरीज तपासत होता, समोर एक शेतकरी उभा होता आणि शेठजी आत गेल्यावर तुम्ही त्याला हळूच म्हणालात, “भीड धरू नका, दर पटत नसंल तर माल ठेवा.” मी कान टवकारले. वही बाहेर काढली. आणि माझ्या आडून आडून विचारण्याला कंटाळून तुम्हीच म्हणालात, “काय लिवून घ्यायचंय ते सरळ विचारा की, ताई.”

त्या शेतकऱ्यानं शेठजींकडून उचल घेतलेली नव्हती, हे तुम्ही मला खतावणी उघडून दाखवलंत. दुसऱ्या अडतीत माल लावायला तो मोकळा होता. पण पाच वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात शेठजी स्वतः जेवायला गेले होते, पंगतीत बसले होते. “उचल वहीत असती, भीड वहीत नसती,” तुम्ही म्हणालात. “उचल फेडली की नावावर काट मारता येती. हिला काट कुठं मारायची?” मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. कोशातल्या त्या दोन माणसांचं कोडं तिथं सुटलं. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर संकोच, शेठजींच्या बाजूनं पाहिलं तर वजन. एकच खातं, एकाला जमा ते दुसऱ्याला नावे. ‘भीड घालणे’ म्हणजे ते जमा वजन कुणाच्या कामासाठी वापरणं, हे तुम्ही आजोबांच्या मोडी पत्रावरून समजावलंत. कुणाला तरी चाकरीला लावून घ्या, म्हणून केलेली विनंती होती ती. मला उगाच धास्ती होती की शब्द ‘भिड’ लिहिलाय की ‘भीड’, यावरून काही वेगळं निघेल. तुम्ही हसलात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळतंय कोण!

नंतरच्या दोन दुपारी तर तुम्ही अख्खं यार्ड कामाला लावलंत. जतकडच्या हमालाला हाक मारून त्याच्या तोंडून कानडी ‘भिडे’ वदवून घेतलात. अर्थ आपल्याजवळचाच, संकोचाचा. समोरच्या गुजराती व्यापाऱ्यांना विचारलंत, तर त्यांच्याकडे भीड म्हणजे गर्दीही आणि पैशाची ओढाताणही. ‘नाणाभीड’ असा शब्दच आहे त्यांचा. त्यावर तुम्ही म्हणालात, “आपल्यात भीड ही भिकेची बहीण. ह्यांनी बहिणीला मधनं काढून थेट भीकच धरली.” ते बिचारे हसले, पण चहा मात्र त्यांनीच पाजला.

या सगळ्यांना बांधणारा धागा मी घरी येऊन लावला. ‘भिडणे’ म्हणजे अगदी लगटून येणं. अंगाला अंग भिडलं की गर्दी. हात आखडला की तंगी, आणि तंग म्हणजे घट्टच. दुसऱ्याचं असणं आपल्या मनाला येऊन टेकलं की आपली भीड. हा माझा अंदाज, व्युत्पत्तीच्या पंडितांनी मान्य करावा असा माझा आग्रह नाही. पण एक गोष्ट मला त्यानं पक्की कळली. संकोच रिकाम्या खोलीतही वाटतो, नव्या साडीत आरशासमोरसुद्धा वाटतो. भिडेला मात्र समोर माणूस लागतो. हिंदीत मी आता ‘बेझिझक’ लिहिलंय आणि ते चालतंय, तरी झिझकेत तो दुसरा माणूस नाही, ही हळहळ आहेच. ‘लिहाज’ जास्त जवळचा होता, पण पत्रकात तो जरा शेरवानी घालून आल्यासारखा दिसत होता.

आणि आता खरं सांगायचं ते. भिडेला माणूस लागतो हे कळल्यावर मी कवठेमहांकाळकडच्या आशाताईंना विचारलं, की बायकांना डॉक्टरांची एवढी भीड का? त्या म्हणाल्या, “डॉक्टरची कुठं? सोबत सासू नायतर नवरा असतोय, त्याची.” आम्ही इतकी वर्षं चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत होतो! म्हणून नव्या पत्रकात मराठीतलं मूळ वाक्यच बदललं. आता लिहिलंय, ‘सोबत आलेल्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा, असं तुम्ही डॉक्टरांना किंवा नर्सताईंना म्हणू शकता.’ वीटभट्टीवरच्या त्या बाईनं माझ्या चुकीच्या हिंदीतून जे वाचलं होतं ते हेच. अंदर अकेले जाना है क्या. हो बाई, जमलं तर.

एवढं सगळं होऊन मी पुन्हा फिरकले नाही, त्याचं कारण तुम्ही ओळखलं असेलच. दादानं यंदाची उरलेली पोती दुसऱ्या अडतीत लावली. तेव्हापासून यार्डात आले तरी मी पलीकडच्या गाळ्यांवरून वळसा घालून जायची. मागच्या मंगळवारी तुम्ही पाहिलंत आणि रस्त्यापलीकडून ओरडलात, “ओ ताई, हळद कुठंबी विका, पत्रक दावा की!”

पत्रकाच्या दोन प्रती सोबत जोडल्या आहेत. एक तुमची. दुसरी सूनबाईंना द्या, आणि ती वाचत असताना तुम्ही जरा बाहेर थांबा.

शनिवारी दुपारी येते. चहा माझ्याकडून, त्या गुजराती शेठनाही बोलवा.

आपली,
पत्रकवाली