गळका नळ आणि फ्रेंचमधलं ‘म्हणे’

ल्यों, १२ मार्च

प्रिय सुधीर,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तर राहिलं ते स्वयंपाकघरातल्या गळक्या नळामुळे. त्या नळानेच मला फ्रेंचही शिकवलं.

घरमालकीणबाई म्हणाल्या, प्लंबर उद्या ‘साँ दूत’ येईल. साँ म्हणजे विना, दूत म्हणजे शंका. म्हणजे निःशंक येणार! रजा टाकून दिवसभर बसलो. कसचा येतोय. बाईंना विचारलं तर त्यांनी नुसते खांदे उडवले. या दोन शब्दांचा अर्थ झिजून आता ‘बहुतेक’ एवढाच उरलाय. खरी खात्री द्यायची तर मध्ये ‘ओकँ’ घालायचा: कुठलीही शंका नाही.

रिकामा बसलो होतो म्हणून पेपर उघडला. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने.’ वर्गात हे रूप जर-तरचं म्हणून घोकलेलं, त्यामुळे मी वाचलं, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’. पुढचा ‘पण’ शोधत बातमी तीनदा वाचली. ‘पण’ नव्हताच. अर्थ होता, ‘राजीनामा दिला म्हणे’! आपलं ‘म्हणे’ यांनी क्रियापदाच्या पोटात दडवलंय. ऐकीव आहे, जबाबदारी आमची नाही, हे सगळं त्या ‘ओरे’त. मला गंमत वाटली ती क्रमाची. आपल्या आत्याबाई आधी अख्खी बातमी रंगवून सांगतात आणि ‘म्हणे’ शेवटी हळूच सोडतात, तोवर ऐकणारा गार झालेला असतो. इथे राजीनाम्याच्या आधीच ‘ओरे’ येऊन सावध करतं. आत्याबाईंचं फ्रान्समध्ये कठीण आहे.

‘प्योतॅत्र’, म्हणजे कदाचित, वाक्याच्या तोंडी आलं की कर्ता-क्रियापदाची अदलाबदल होते. पण ती पुस्तकी भाषा, बोलताना कुणी इतकं करत नाही.

विशेषणाची जागा मात्र सांभाळावी लागते. ऑफिसात गळतीचं रडगाणं गाताना ‘जुनं घर’ म्हणायला मी ‘आँसियॅन’ नामाच्या आधी ठेवलं. सहकारी म्हणतो, “मग नवं कुठे घेतलंस?” आधी ठेवलं की ‘पूर्वीचं घर’, नंतर ठेवलं की ‘जुनं’. ‘पोव्ह्र’चंही तसंच: माणसाच्या आधी आला तर बिचारा, नंतर आला तर खिशाने गरीब. नळवाल्याचं बिल भरल्यापासून मी दोन्ही जागी बसतो.

वहिनींचा फोन आला होता. तू मे महिन्यात इकडे येतोयस म्हणे. ‘ओकँ’ घालून कळव, म्हणजे रजा टाकतो.

तुझा,
विनू