गाडीच्या काचेवर टकटक करणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना मी जे चार शब्द बोललो, ते आपल्या ओतकामाच्या कारखान्यातल्या, म्हणजे फाउंड्रीतल्या, तुमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीविषयी होते. ज्या गोष्टीसाठी मी तुमचा खरा ऋणी आहे, ती दीडशे माणसांसमोर सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि आपली वाहतूक ठप्प झाली. पाणी ओसरले, भट्टी पुन्हा पेटली, पण रखडलेल्या ऑर्डरींचा तगादा, मालाचे रिजेक्शन आणि पगाराची तारीख यांनी माझ्या डोक्यात जे घर केले ते काही हलेना. रोज पहाटे तीनला जाग येई. जेवणाची चव गेली होती. सकाळी फाटकाबाहेर गाडी उभी करून, स्टिअरिंगवर हात ठेवून मी वीस-वीस मिनिटे बसून राहत असे, आणि हे कोणाच्या ध्यानात येत नाही अशी माझी भाबडी समजूत होती.

एके दिवशी तुम्ही काचेवर टकटक केलीत आणि न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसलात. "साहेब, कास्टिंग वरनं गुळगुळीत दिसतंय, पण मशीनवर चढलं की आतला पोकळ ब्लो होल उघडा पडतोय. वाळूत ओल जास्त झाली आणि गॅसला बाहेर पडायला वाट नसली की तसंच व्हायचं." मी गंभीरपणे विचारले, कालच्या वाळूत ओलावा किती टक्के होता? तुम्ही नुसते माझ्याकडे पाहत राहिलात. मग मला कळले, आणि कित्येक आठवड्यांनी हसू आले. लगेच पाठोपाठ रडूही आले, ते तुम्ही पाहूनही न पाहिल्यासारखे केलेत.

मॅनेजरच्या खुर्चीची गंमत अशी की मालकांना उत्तरे हवी असतात आणि शॉपफ्लोअरवरची माणसे सकाळी आधी साहेबांचा चेहरा वाचतात. मध्ये बसलेल्याने 'मला जमत नाही' हे म्हणायचे तरी कोणाला? त्यात आपले कोल्हापूर. मानसोपचारतज्ज्ञाच्या जिन्यावर कोणी पाहिले तर संध्याकाळी रंकाळ्यावर चर्चा व्हायची, ही भीती मला आजाराहून मोठी वाटत होती. तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत. सुट्टीच्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा घालून सोबत आलात आणि दवाखान्याच्या बाकावर दीड तास पेपर वाचत बसलात.

कामाने येणाऱ्या थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, जागतिक आरोग्य संघटना आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानते. मला झाले होते ते मात्र नैराश्य, आणि त्यावर उपचार आहेत, असे डॉक्टरांनी समजावले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे ऐकून माझा धीर सुटत होता, तुम्ही मात्र रोज दुपारी, चौकशी केल्याचे भासू न देता, "झोप?" एवढेच विचारत होतात. सुट्टी घेऊन स्वस्थ बसण्याचे अनेक फुकट सल्ले मला मिळाले होते, पण त्या एका शब्दाइतका उपयोग एकाचाही झाला नाही.

टाइम ऑफिसच्या फळ्यावर सुरक्षेच्या सूचनांखाली मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक लिहून घेतला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते. फळ्यावर लिहिण्याआधी मी स्वतः तो क्रमांक फिरवून पाहिला, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

फाटकासमोरच्या टपरीवर तुमच्या नावावर चाळीस रुपये बाकी आहेत. ते मी मुद्दाम भागवलेले नाहीत. ते द्यायला तरी तुम्ही याल.

आपला नम्र,
तुमचा साहेब